जी म्हटलं म्हणून

फिस्कलनं, म्हणजे सरकारी वकिलानं, केस घेतली नाही, ही बातमी लुडिविनाला नारळ सोलताना कळली. जमिनीत रोवलेल्या पहारीच्या टोकावर तिनं नारळ आपटला, अंगाचा भार टाकून पिळा दिला, सोडण उचकटलं, आणि तेवढ्यात खालच्या वाटेनं बेर्तिंगची तीनचाकी फटफट करत वर आली. गावात तीनचाकी एकच. त्यामुळं बाजारगावातली बातमी आधी बेर्तिंगच्या तोंडात पडायची, आणि तिथं ती कधी मुक्काम करायची नाही.

"वैनी, ऐकलं का? सेल्मो सुटला."

"धरला कवा व्हता, सुटायला?" झोपडीच्या ओट्यावरून म्हातारी त्रिनिंग म्हणाली. ती लुडिविनाची सासू. कानानं अधू, पण ऐकायचं तेवढं तिला बरोबर ऐकू यायचं.

"तसं न्हवं, म्हातारे. फिस्कलसायबानं कागदच माघारी लावला. केस कोर्टाची पायरी चढायचीच न्हाई. पुरावा न्हाई म्हंत्यात."

"मग माझा पोरगा काय माडावरनं पडून मेला?"

बेर्तिंगनं टोपी काढली, परत घातली, आणि इंजिन बंद न करताच वळला. लुडिविनानं दुसरा नारळ उचलला. हात ओला होता, नारळ सटकला, आणि पहारीचं टोक मनगटाला घासून गेलं. तिनं रक्त लुगड्याला पुसलं आणि तोच नारळ परत टोकावर आपटला. सोलण्याचं काम गड्याचं. नवरा गेल्यापासून ते तिच्या गळ्यात पडलं होतं, आणि मांड्यांचे गोळे उतरायचं नाव घेत नव्हते.

नवऱ्याचं नाव क्रिसांतो. ऐन उन्हाळ्यात, दिवस मावळताना, खोबरं सुकवायच्या ह्याच भट्टीच्या तोंडाशी त्याला गोळी घातली ती आन्सेल्मोनं. आन्सेल्मो, म्हणजे सगळ्यांचा सेल्मो, हा ह्या माडांच्या रानाचा मुकादम. मालकीणबाई मनिलात राहायची, आणि वर्षातून एकदा गावच्या सणाला येऊन दोन दिवस पंख्याखाली बसायची. सेल्मोनं वरच्या टेकाडावरचे धरते माड करवतवाल्याला विकले आणि बाईंना कळवलं, वादळानं पाडले. क्रिसांतो म्हणाला, "वाऱ्यानं पडलेला माड मुळ्या वर करून पडतो. हितं बुंधे ताटासारखे सपाट हायेत. बाई आल्या की त्यास्नी टेकाडावर फिरवून आणतो." हे तो माडीच्या दुकानात म्हणाला, चारचौघांत. तिथं बोललेलं कुठं पोचतं हे त्याला कळायला हवं होतं.

लुडिविना भट्टीच्या पलीकडच्या अंगाला खोबरं उलटत होती. तिनं बघितलं.

आणि भट्टीच्या माळ्यावर, खोबऱ्याच्या पोत्यांमागं, तेरा वर्षांची जॉयलिन होती. कामाच्या कंटाळ्यानं ती तिथं जाऊन झोपायची. तिनंही बघितलं. पोलीस आले तेव्हा लुडिविना म्हणाली, पोरगी नदीपल्याड माझ्या बहिणीकडं गेलीय. म्हातारीनं मान डोलवली. त्यावर तिघींमध्ये पुन्हा कधी शब्द झाला नाही. सेल्मो हा जॉयलिनचा निनोंग होता, बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातावर घेणारा धर्मबाप. त्या नात्यानं तो लुडिविनाला 'कोमारे' म्हणायचा. आपल्या लेकराला देवापुढं धरणारा माणूस म्हणजे भावापरीस जवळचा, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती.

दुसऱ्या दिवशी भट्टीचा जाळ राखेखाली दाबून ती बाजारगावी गेली. देवळाच्या मागच्या खोलीत बेनिल्दा नावाची वकीलबाई गोरगरिबांची कामं फुकट बघायची. बाई तरुण होती, सर्दीनं बेजार होती, आणि बोलायला फटकळ. समोर फिस्कलचा हुकूम पडला होता.

"बसा. आधी एक सांगा. मी तुम्हाला काय सांगितलं होतं? साहेबांनी काही विचारलं तर काय करायचं?"

"खरं सांगायचं, जी."

"मग?"

"खरंच सांगितलं, जी."

"इथं काय लिहिलंय ऐका." बाईनं नाक पुसलं आणि वाचायला लागली. "अंधार पडला होता, हे साक्षीदार कबूल करते. भट्टीचा दाट धूर होता, कबूल करते. धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं, कबूल करते. गोळी झाडणाऱ्याचा चेहरा स्पष्ट दिसला असं ठामपणे म्हणता येणार नाही, हेही कबूल करते."

"असं मी कवा म्हटलं?"

"साहेबांनी विचारलं का, अंधार होता ना?"

"इचारलं."

"तुम्ही काय म्हणालात?"

लुडिविना आठवायला लागली. फिस्कलची खोली. टेबलावर कागदांच्या चळती, चळतींच्या मध्ये तळलेल्या केळ्यांची बशी. फिस्कल म्हातारा, दमलेला. वाईट माणूस नव्हता, तिला बसायला स्वतः खुर्ची दिली होती. खुर्चीच्या कडेवर बसून, मान खाली घालून, ती त्याच्या चपलांकडं बघत होती. तो एकेक वाक्य बोलायचा आणि थांबायचा. मोठा माणूस बोलून थांबला की काय करायचं असतं? ऐकतेय एवढं तर कळवायला पाहिजे. न कळवणं म्हणजे उद्धटपणा. सासूनं लग्नाच्या पहिल्या महिन्यात, मालकीणबाईपुढं उभं करून, हेच शिकवलं होतं.

"जी म्हटलं," ती म्हणाली.

"धूर होता ना?"

"जी म्हटलं."

"चेहरा स्पष्ट दिसला नसेल?"

"पर बाई, ते जी म्हंजे व्हय न्हवं. ते जी म्हंजे ऐकतीया, बोला. शेवटी मी म्हटलं की! ते सगळं बोलून झाल्यावर म्हटलं, सेल्मोच व्हता, जाळाचा उजेड त्येच्या तोंडावर व्हता, त्येच्या हनुवटीचा वण सुदिक दिसला."

"ते लिहिलंय. 'नंतर मात्र साक्षीदार आपलं म्हणणं बदलते.'" बाईनं कागद खाली ठेवला. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "त्याच्या बाजूनं तिघं आलेत, तो कोंबड्यांच्या झुंजीवर होता म्हणून. त्या तिघांनी एकदाही जी म्हटलेलं नाही. शिकवून आणले होते. मी त्या दिवशी तापानं पडले नसते आणि तुमच्याबरोबर आले असते तर..."

"आता काय, जी?"

जी म्हटलं आणि लुडिविनानं जीभ चावली. बाई हसली नाही.

"वर दाद मागता येते. पण वरचे साहेब तुम्हाला बोलावणार नाहीत, हेच कागद बघणार. ह्या कागदांत तुमची एकटीची साक्ष आहे आणि ती अशी आहे. दुसरा कुणी बघणारा हवा. कुणी होतं का तिथं? कुणीही. अगदी लहान असलं तरी चालतं." शेवटचं वाक्य बाई खिडकीबाहेर बघत बोलली, पण बोलली मुद्दामच.

"कुणी न्हाई," लुडिविना म्हणाली.

"नीट विचार करा. मुदत थोडी आहे. लहान मुलाची साक्ष बंद खोलीत घेतात. त्याला जपतात."

"आनि ऱ्हायाला कुठं ठेवत्यात?"

बाईनं हुकुमाचा कागद उचलून फायलीत घातला. लुडिविनाला तेवढं उत्तर पुरलं. झोपडी मालकाच्या रानात, भट्टी मालकाच्या रानात, नवऱ्याची माती रानाच्या कडेच्या दफनभूमीत. साक्ष बंद खोलीत होईल, पण खोलीतून बाहेर आल्यावर पोरीला ह्याच वाटेनं घरी यायचं होतं.

ती परत आली तेव्हा ओट्यावर पिसं पडली होती. म्हातारीनं कोंबडी कापली होती. लुडिविना बघतच राहिली, कारण ती कोंबडी साधी नव्हती. मारलेल्या माणसाच्या शवपेटीवर जितं पिल्लू सोडतात. ते पेटीच्या झाकणाच्या काचेवर टोची मारतं, तशी मारणाऱ्याच्या मनाला टोचणी लागते आणि तो आपण होऊन कबूल होतो, अशी जुन्यांची श्रद्धा. क्रिसांतोच्या पेटीवर म्हातारीनं स्वतः निवडून पिल्लू सोडलं होतं. सेल्मो मयताला आला, काळा सदरा घालून आला, डुकराची अर्धी तंगडी घेऊन आला. सगळ्यांच्या देखत पेटीपाशी उभा राहिला. मग खिशातून चिमूटभर तांदूळ काढून त्यानं त्या पिल्लापुढं टाकले. पिल्लू टोचायचं सोडून दाणे टिपायला लागलं. तेव्हापासून म्हातारीनं ते पिल्लू वाढवलं होतं. कुणाला हात लावू देत नव्हती. म्हणायची, त्येचं काम अजून बाकी हाय.

"आत्याबाई, हे काय केलं?"

"टोचून टोचून काय दिवं लावलं तिनं? खाऊन खाऊन माजली नुसती. त्येच्याच तांदळावर वाढल्याली." म्हातारीनं रश्शात कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला टाकला. "बस. जेव. वकिलीण काय म्हंती?"

"आनिक कुणी बघितलंय का, इचारती."

म्हातारीचा पळी धरलेला हात थांबला. जॉयलिन चुलीपाशी करवंट्या फोडून जाळाला घालत होती. तिनं मान वर केली नाही. करवंटी मात्र एका घावात फुटायची, ती तीन घाव घालूनही फुटेना.

"तू काय सांगितलंस?"

"कुणी न्हाई म्हटलं."

"मी सांगते की," जॉयलिन म्हणाली.

"गप. तू नदीपल्याड व्हतीस."

"मी माळ्यावर व्हते. बा पडला तवा त्येनं वर बघितलं. मला बघितलं बानं."

हे त्या पोरीनं आजवर कधी सांगितलं नव्हतं. उठून तिला पोटाशी धरावं असं लुडिविनाला फार वाटलं, आणि धरलं तर आपण दोघी मोडून पडू अशी भीतीही वाटली. म्हातारीनं नुसतं चुलीकडं बघत तीन थाळ्या वाढल्या. रस्सा चांगला झाला होता. म्हातारी एकटीच जेवली. हाडं चोखून चोखून जेवली, आणि शेवटी थाळीवर हात ठेवून रडली.

मग पावसाळी हवा आली. ओल्या हवेत खोबऱ्याला बुरशी धरते, म्हणून भट्टी अखंड पेटती ठेवावी लागते. एक जण जाळापाशी, एक जण वर उलटायला. मायलेकी आळीपाळीनं राबत होत्या. धुरानं डोळे लाल, केसांना, अंथरुणाला, भाताला सुद्धा धुराचा वास. शेजारचे गडी पूर्वी हाताला हात लावायला यायचे, ते आता वाट बदलून जात. त्यांचा राग करण्यातही अर्थ नव्हता. त्यांच्याही झोपड्या त्याच रानात होत्या. वकीलबाईचा निरोप बेर्तिंगबरोबर एकदा आला, पुन्हा एकदा आला. "काय सांगू बाईला?" बेर्तिंग विचारायचा. लुडिविना म्हणायची, "खोबरं उतरलं की येते म्हणावं." खोबरं उतरलं, नवा घाणा चढला, तो उतरला. मुदत कुठल्या दिवशी संपली ते तिनं विचारलंच नाही.

सेल्मो आला तो भर दुपारी. आभाळ भरून आलं होतं, वारा पडला होता, आणि भट्टीचा धूर वर न जाता जमिनीलगत लोळत होता. हातात वेताच्या दोरीला ओवलेले ताजे बांगडे. हनुवटीखालचा वण घामानं चमकत होता. इतके दिवस तो हाताखालच्या माणसाला पुढं करून स्वतः बाजारगावी राहत होता.

"कोमारे," तो म्हणाला, "भट्टी झ्याक चाललीय. गड्यासारखं काम करतीस."

लुडिविनानं फावडं हातातून सोडलं नाही. सेल्मोनं मासे ओट्यावर ठेवले आणि बांबूच्या बाकावर बसला. म्हातारी आत निघून गेली. जाताना तिनं माशांकडं बघितलंही नाही.

"माझा वकील म्हनत व्हता, खोटी साक्ष दिली म्हनून उलटी केस टाकू. म्या म्हटलं, ऱ्हाऊ द्या वकीलसायेब. घरातली बाई हाय. नवरा गेला की डोकं ठिकाणावर ऱ्हात न्हाई मानसाचं. चुकीच्या मानसाचं तोंड दिसतं." तो थांबला. बोलून थांबला.

लुडिविनानं या वेळी जी म्हटलं नाही.

"म्या मनात धरलं न्हाई. तूबी धरू नगं. मालकीणबाई औंदा सणाला यायच्या न्हाईत, तब्येत बरी न्हाई त्येंची. सगळं माझ्यावरच टाकलंय. तवा झोपडीची काळजी करू नगंस. म्हातारी जिती हाय तवर तरी कोन हलवतंय तुमास्नी?"

"म्हातारीनंतर?"

"तवाचं तवा. पोरगी कुठं हाय? मोठी झाली आसंल."

"ती नदीपल्याड व्हती त्या दिवशी," लुडिविना म्हणाली.

शब्द तोंडातून गेले आणि मग तिला ऐकू आले. सेल्मोनं बाकावर जरा अंग सरसावलं. त्याच्या कपाळाला एक बारीक आठी पडली.

"कंच्या दिवशी?" त्यानं विचारलं. "म्या आताचं इचारलं, कोमारे. आता कुठं हाय."

"हाय. हितंच हाय. मागं करवंट्या फोडती."

"मग निनोंग आल्याला कळला न्हाई व्हय तिला? पैलं लांबून धावत यायची. आशीर्वाद घ्यायची रीत इसरली का कुनी इसरायला लावली?"

आता दोनच वाटा होत्या, आणि दोन्ही लुडिविनाला लख्ख दिसत होत्या. पोर आली नाही तर त्याला कळणार, की तिला ठाऊक आहे. पोर आली तर आशीर्वादासाठी तिला त्याचा हात धरून कपाळाला लावावा लागणार. उजवा हात. दुसरा धरायची रीत नाही.

"जॉयलिन!" तिनं हाक मारली. आवाज फुटला, म्हणून परत मारली. "जॉयलिन, निनोंग आल्यात. ये, हात कपाळाला लाव."

पोर झोपडीमागून आली. कोयता मागं ठेवून आली होती, एवढं लुडिविनानं पहिल्यांदा बघितलं आणि तिला हायसं वाटलं. हात कोळशानं काळे झाले होते. ते तिनं परकराला पुसले, एकदा तळवे, एकदा मागची बाजू, अगदी घाई न करता. सेल्मोनं बसल्या जागेवरून हात पुढं केला. बोटं खाली सोडलेली, मोठ्या माणसानं करावा तसा.

जॉयलिन वाकली. दोन्ही हातांनी तो हात धरला, आणि कपाळाला लावला. लावून ठेवला. रीत नुसत्या स्पर्शाची असते, लेकरं हात टेकवून पळतात. ही पोर पळाली नाही. डोळे मिटून तशीच उभी राहिली. लुडिविनाला वाटलं, धावत जावं, तिला ओढून घ्यावं, तिचं कपाळ स्वतःच्या पदरानं पुसावं. पण ती फावड्याच्या दांड्याला धरून उभी राहिली, कारण तिनंच हाक मारली होती.

"देव भलं करो," सेल्मो म्हणाला आणि हात काढून घेतला. जरा झटक्यानंच. मग उठला. "इतकी मोठी पोर भट्टीवर कशाला काळी करतीस, कोमारे? बाजारगावी माझ्या घरी पाठव. माझी बायको हाय, शाळा हाय जवळ. ऐतवारी तीनचाकी धाडतो."

"तिच्याबिगर भट्टी व्हायची न्हाई," लुडिविना म्हणाली.

"भट्टीला गडी देतो की म्या. ऐतवारी," तो म्हणाला, आणि धुरातून खाली उतरून गेला. उताराच्या वळणावर तो दोनदा मागं वळून बघत थांबला. बघत होता तो लुडिविनाकडं नाही.

पावलं वाजायची थांबली तशी लुडिविना पोरीपाशी धावली. तिच्या कपाळावर कोळशाचा डाग उमटला होता. तिला पोटाशी घेऊन ती म्हणाली, "माफ कर गं माज्या बाय. दुसरं काय करू? माफ कर."

"आई," जॉयलिन पदरातून म्हणाली. तिचा आवाज रडका नव्हता. "आई, त्येचा हात कापत व्हता. माझा न्हाई. म्या ठरवलंच व्हतं, कापू द्यायचा न्हाई म्हनून. त्येचाच कापत व्हता. भ्यालाय त्यो मला."

आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा ती पोर हसली. ओठ जरा एका बाजूला नेऊन, अगदी बापासारखी.

क्रिसांतो मेला त्या दिवशी दुपारी जेवायला बसला होता. भाताचा घास हातात धरून तो असाच हसला होता आणि म्हणाला होता, "लुडे, सेल्मो मला भ्यालाय. आज माडीचा पेला उचलताना त्येचा हात कापत व्हता."

भट्टीवर खोबरं करपायला लागलं होतं. तिनं पोरीचा हात सोडला नाही, तिला तशीच धरून ती जाळाकडं गेली, आणि एका हातानं खोबरं उलटायला लागली.